भीतीची मालकी

२००८ च्या सुमारास जॉर्डन पीलच्या हातून एक भूमिका गेली. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक रंगात आली होती. बराक ओबामा हे नाव घरोघरी पोचलं होतं आणि ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या तिथल्या सर्वांत मानाच्या विनोदी कार्यक्रमाला त्यांची नक्कल करणारा नट हवा होता. पीलला ती नक्कल हुबेहूब जमायची. त्याला बोलावणंही आलं होतं. पण तेव्हा तो ‘मॅड टीव्ही’ या दुसऱ्या वाहिनीवरच्या कार्यक्रमाशी कराराने बांधलेला होता, आणि करारातून त्याला मोकळं करण्यात आलं नाही. भूमिका दुसऱ्याला मिळाली. हा घाव खोल बसला होता, हे त्याने पुढे मुलाखतींत सांगितलं आहे.

नट म्हणून तो कुठे कमी पडला नव्हता. कमी पडला तो कागदावर. त्याच्या चेहऱ्यावर, आवाजावर, वेळेवर दुसऱ्या कुणाचा तरी हक्क होता. नऊ वर्षांनी हाच माणूस ‘गेट आऊट’ नावाचा भयपट घेऊन आला. तो त्याने स्वतः लिहिला होता, स्वतः दिग्दर्शित केला होता, आणि निर्मात्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. खर्च ४५ लाख डॉलर, जगभरातला गल्ला सुमारे २५.५ कोटी डॉलर.

एखाद्या भयपटवाल्या दिग्दर्शकाची संपत्ती किती, याबद्दल लोकांना फार कुतूहल असतं. छापून येणारे आकडे मात्र बहुतेक अंदाजाने ठोकलेले असतात, कारण करार गुप्त असतात आणि अशा कंपन्या आपले हिशेब चव्हाट्यावर मांडत नाहीत. मला त्या एका आकड्यापेक्षा पैसा येतो कुठून आणि थांबतो कुठे, हे जास्त महत्त्वाचं वाटतं. भयपटाच्या धंद्यात पैसा पहिल्यापासून आहे. तो भीती निर्माण करणाऱ्याच्या घरी पोचतो का, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर पीलच्या कारकिर्दीत सापडतं, आणि त्याच्या आधी पन्नास वर्षं होऊन गेलेल्या जॉर्ज रोमेरोच्या कारकिर्दीत त्याहून जास्त स्पष्टपणे सापडतं.

पील १९७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मला. आई गोरी, वडील काळे. वडील लवकरच आयुष्यातून दूर झाले आणि आईने त्याला मॅनहॅटनच्या अप्पर वेस्ट साइड भागात एकटीने वाढवलं. सारा लॉरेन्स कॉलेजात तो कठपुतळीचा खेळ शिकायच्या इराद्याने गेला आणि दोन वर्षांत शिक्षण सोडून विनोदी नाटकांकडे वळला. शिकागोचे रंगमंच, मग अ‍ॅमस्टरडॅममधला ‘बूम शिकागो’ हा इंग्रजी विनोदी प्रयोग करणारा गट, असं करत २००३ मध्ये तो ‘मॅड टीव्ही’त आला. तिथेच कीगन-मायकल की हा दुसरा नट होता. दोघेही काळ्या वडिलांचे आणि गोऱ्या आईंचे मुलगे. २०१२ मध्ये दोघांनी ‘कॉमेडी सेंट्रल’ वाहिनीवर ‘की अँड पील’ सुरू केला. हातातून गेलेला ओबामा पीलने इथे आपल्या हक्काने साकारला. शांतपणे बोलणारा ओबामा आणि त्याच्या मनातला राग मोठमोठ्याने ओरडून सांगणारा त्याचा ‘राग-दुभाषा’ ल्यूथर, म्हणजे की. ही जोडी इतकी गाजली, की २०१५ मध्ये व्हाइट हाउसच्या पत्रकार भोजनात खुद्द ओबामांनी ल्यूथरला शेजारी उभं करून भाषण केलं.

हा कार्यक्रम पाहणाऱ्याला एक गोष्ट जाणवते. पाच पर्वांमधले ते छोटे प्रवेश टीव्हीवरच्या इतर नकलांसारखे सपाट उजेडात चित्रित केलेले नाहीत. दिग्दर्शक पीटर अटेन्सिओने प्रत्येक प्रवेशाला त्या त्या प्रकारच्या चित्रपटाची प्रकाशयोजना आणि चौकट दिली होती. युद्धपट असेल तर युद्धपटासारखी, भयपट असेल तर भयपटासारखी. पीलची खरी शाळा तीच, असं मला वाटतं. विनोद आणि भीती दोन्ही एकाच यंत्रावर चालतात. आधी वातावरण तयार करायचं, प्रेक्षकाला एका दिशेने न्यायचं, मग नेमक्या क्षणी धक्का द्यायचा. अर्धा सेकंद इकडे तिकडे झाला तर हशाही नाही आणि किंकाळीही नाही. हा अंदाज त्याने पाच पर्वं घोटला.

‘गेट आऊट’ची कल्पना मात्र या कार्यक्रमाच्याही आधीची. ओबामा निवडून आले तेव्हा अमेरिकेत एक सूर निघाला होता, की वंशभेदाचा प्रश्न आता संपला. पीलला ते खोटं वाटत होतं आणि त्या खोटेपणाला भयपटाचं रूप द्यावं असं त्याच्या मनात होतं. हा चित्रपट कधी तयार होईल असं त्याला स्वतःलाही वाटत नव्हतं. शॉन मॅककिट्रिक या निर्मात्याला त्याने गोष्ट सांगितली, आणि त्याने ती तिथल्या तिथे घेतली. पुढे जेसन ब्लम आला, आणि इथून पैशाची गोष्ट सुरू होते.

ब्लम एके काळी मिरामॅक्स या कंपनीत बाहेरचे चित्रपट विकत घ्यायचं काम करायचा. तिथे असताना त्याने ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हातचा जाऊ दिला. १९९९ चा हा चित्रपट काही हजार डॉलरांत चित्रित झाला होता आणि त्याने जगभरात २४ कोटी डॉलरांहून अधिक गल्ला केला. चूक मोठी होती, पण ब्लमने तिच्यातून धडा घेतला. पुढे ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ नावाचा, १५ हजार डॉलरांत एका घरात चित्रित झालेला चित्रपट त्याच्यासमोर आला, तेव्हा तो त्याने सोडला नाही. त्याचा गल्ला १९ कोटींच्या वर गेला. त्यातून त्याच्या ‘ब्लमहाउस’ कंपनीची पद्धत ठरली. खर्च शक्यतो ५० लाख डॉलरांच्या आसपास ठेवायचा. दिग्दर्शक, लेखक, नट या सगळ्यांना सुरुवातीला संघटनेने ठरवलेलं किमान मानधन द्यायचं. बदल्यात दिग्दर्शकाला हवा तसा चित्रपट करू द्यायचा. चित्रपट चालला तर गल्ल्याचे टप्पे आधीच ठरलेले असतात. अमुक कोटी झाले की तुला इतके, तमुक कोटी झाले की आणखी इतके.

यातली शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. हॉलिवूडमध्ये ‘नफ्यातला वाटा’ हे शब्द बदनाम आहेत. स्टुडिओ आपल्या वहीत जाहिरात, वितरण, व्याज, कार्यालयाचा खर्च असं इतकं काही लावतो, की गाजलेला चित्रपटसुद्धा कागदावर तोट्यात दिसतो, आणि वाटेकऱ्याच्या हाती काहीच येत नाही. गल्ल्याच्या टप्प्यावर बांधलेला करार वेगळा असतो. गल्ल्याचा आकडा दर सोमवारी जाहीर होतो, तो वहीत लपत नाही. ज्याला आज कमी मिळालं, त्याला उद्याचा हिशेब स्वतः मांडता येतो.

‘गेट आऊट’चं चित्रीकरण अलाबामा राज्यात फेअरहोप आणि मोबील या गावांच्या परिसरात २३ दिवसांत झालं. तेवीस दिवस म्हणजे एकेका प्रसंगाला दुसऱ्या संधीची चैन नाही. गोष्ट अशी: ख्रिस हा काळा तरुण आपल्या गोऱ्या मैत्रिणीच्या आईवडिलांना भेटायला त्यांच्या खेड्यातल्या घरी जातो. तिथे सगळे अतिशय गोड बोलतात. तो गोडपणाच हळूहळू अंगावर येतो. मैत्रिणीची आई चहाच्या कपात चमचा फिरवत त्याला संमोहित करते आणि तो काळोखात खाली, आणखी खाली पडत जातो. वर दूर एका चौकटीत जग दिसतं, पण तिथे हात पोचत नाही. पीलने त्या जागेला ‘संकन प्लेस’ म्हटलं, आणि हा शब्द अमेरिकेच्या रोजच्या बोलण्यात शिरला. ख्रिस झालेल्या डॅनियल कालूयाच्या उघड्या डोळ्यांतून घळघळ वाहणारं पाणी पाहिलं, की भूत नसतानाही माणूस किती घाबरू शकतो हे कळतं. संगीतासाठी पीलने मायकल एबल्स या संगीतकाराला शोधलं. त्याची एक रचना पीलला यूट्यूबवर सापडली होती. त्याआधी एबल्सने चित्रपटाला संगीत दिलेलं नव्हतं. सुरुवातीच्या गाण्यात स्वाहिली भाषेतले कुजबुजणारे आवाज आहेत. पूर्वजांचं ऐक, पळ, असं ते सांगतात. बहुतेक प्रेक्षकांना शब्द कळत नाहीत, पण अंगावर काटा मात्र येतो.

फेब्रुवारी २०१७ मध्ये चित्रपट लागला. पहिल्या शनिवार-रविवारी अमेरिकेत ३.३ कोटी डॉलर जमले. भयपटांचा गल्ला दुसऱ्या आठवड्यात सहसा निम्म्यावर येतो, कारण धक्का एकदाच बसतो. ‘गेट आऊट’ केवळ १५ टक्क्यांनी उतरला. लोक मित्रांना घेऊन पुन्हा जात होते, बाहेर येऊन वाद घालत होते. शेवटी २५.५ कोटी. यातले साधारण निम्मे थिएटरवाल्यांचे, उरलेल्यातून प्रती आणि जाहिरातींचा खर्च, जो चित्रपटाच्या निर्मितिखर्चाच्या कितीतरी पट होता. त्यात टीव्ही आणि घरबसल्या पाहण्याचे हक्क यांचं उत्पन्न मिळवून, सगळी वजाबाकी करून ‘डेडलाइन’ या व्यवसायपत्राने निव्वळ नफा १२ कोटी डॉलरांहून अधिक काढला आणि त्या वर्षीच्या सर्वांत फायदेशीर चित्रपटांत त्याला दहावा क्रमांक दिला. बाकीचे नऊ बहुतेक अवाढव्य खर्चाचे होते. मार्च २०१८ मध्ये पीलला सर्वोत्तम मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं. हा पुरस्कार मिळवणारा तो पहिला काळा लेखक.

आता मागे जाऊ या, १९६७ च्या पिट्सबर्गमध्ये.

जॉर्ज रोमेरो सत्तावीस वर्षांचा होता. ‘लेटंट इमेज’ नावाच्या छोट्या कंपनीत तो आणि त्याचे मित्र जाहिराती करायचे, मुलांच्या एका प्रसिद्ध टीव्ही कार्यक्रमासाठी छोट्या फिल्म करायचे. त्यांना मोठा चित्रपट करायचा होता. दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर काढले, कंपनीला नाव दिलं ‘इमेज टेन’. हळूहळू खर्च १ लाख १४ हजार डॉलरांवर गेला. इव्हान्स सिटीजवळ पाडायला काढलेलं एक शेतघर मिळालं. रक्तासाठी चॉकलेट सिरप वापरलं. भांडवल घातलेलेच लोक पडद्यावर नट म्हणूनही उभे राहिले. रोमेरो स्वतः वॉशिंग्टनच्या एका प्रसंगात अधिकाऱ्यांच्या मागे धावणारा वार्ताहर झाला. चित्रपटाचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’.

वॉल्टर रीड ऑर्गनायझेशन या वितरकाने तो घेतला. त्या नावासारखा दुसरा एक चित्रपट आधीच होता, म्हणून नाव बदललं: ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. नावाची पाटी नवी तयार झाली, प्रतींमध्ये जोडली गेली. जुन्या पाटीवर नावाखाली कॉपीराइटची एक ओळ होती. नव्या पाटीवर ती ओळ घालायची राहून गेली.

तेव्हा अमेरिकेत १९०९ चा कायदा लागू होता. त्या कायद्याप्रमाणे कॉपीराइटची सूचना न छापता कलाकृती लोकांसमोर आणली, की हक्क संपला. ऑक्टोबर १९६८ मध्ये चित्रपट लागला आणि त्याच दिवसापासून तो सगळ्यांचा झाला. कुणीही त्याच्या प्रती काढाव्या, दाखवाव्या, विकाव्या. चित्रपटाने जगभरात सुमारे ३ कोटी डॉलर मिळवले असं सांगितलं जातं. पुढे व्हिडिओ कॅसेटचा जमाना आला, तेव्हा कितीतरी कंपन्यांनी त्याच्या कॅसेटी विकल्या आणि करणाऱ्यांना एक पैसाही देण्याचं बंधन त्यांच्यावर नव्हतं. आजचे चालते-फिरते मुडदे, मेंदूवर घाव घातल्याशिवाय न मरणारे, चावले की दुसऱ्यालाही आपल्यासारखं करणारे, सगळे याच चित्रपटातून निघाले. त्यांच्यावर मालिका, खेळ, पुस्तकं निघाली, अब्जावधींचा धंदा उभा राहिला. ज्याने तो उभा केला, त्याच्याकडे त्याची मालकी नव्हती.

एका पाटीवरची एक ओळ. मला ही गोष्ट कोणत्याही भुतापेक्षा जास्त भयंकर वाटते. रोमेरोची प्रतिभा कमी पडली नव्हती, कष्ट कमी पडले नव्हते, नशीबसुद्धा वाईट नव्हतं, कारण चित्रपट तुफान चालला. हलगर्जीपणा झाला तो वितरकाच्या टेबलावर, आणि त्याची किंमत रोमेरो व त्याच्या मित्रांनी आयुष्यभर मोजली. ते कोर्टात गेले, वितरकाशी भांडले, पण गेलेला हक्क परत आला नाही. १९९० मध्ये टॉम सॅव्हिनीने याच चित्रपटाची नवी आवृत्ती केली. तिची पटकथा रोमेरोने लिहिली, आणि मूळ चित्रपटातून जे मिळालं नाही त्यातलं थोडं तरी पदरात पडावं हा त्यामागचा एक हेतू होता.

रोमेरो थांबला नाही. १९७८ चा ‘डॉन ऑफ द डेड’ त्याने पिट्सबर्गजवळच्या मनरोव्हिल मॉलमध्ये, रात्री दुकानं बंद झाल्यावर चित्रित केला. इटलीचा दिग्दर्शक दारिओ अर्जेंतो याने युरोपातले हक्क घेऊन पैशाला हातभार लावला. त्यातही रोमेरो एका टीव्ही दिग्दर्शकाच्या भूमिकेत क्षणभर दिसतो. ‘मार्टिन’ या त्याच्याच चित्रपटात तो पाद्री झाला. १९९१ च्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’मध्येही तो काही क्षण उभा आहे. नट म्हणून या भूमिका छोट्या, पण त्यांतून तो माणूस दिसतो. आपल्या गोष्टीच्या कडेला हौसेने उभा राहणारा, मध्यभागी यायची घाई नसलेला. पुढच्या काळात तो टोरांटोत राहिला आणि जुलै २०१७ मध्ये तिथेच गेला. त्याच वर्षी ‘गेट आऊट’ लागला होता.

दोघांना जोडणारा धागा तारखांपुरता नाही. पीलने ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चं ऋण उघडपणे मानलं आहे. रोमेरोच्या चित्रपटात बेन नावाचा नायक काळा आहे. भूमिका काळ्या माणसासाठी लिहिलेली नव्हती. ड्वेन जोन्सने चाचणी सर्वांत चांगली दिली, म्हणून त्याला घेतलं. (ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.)

बेन रात्रभर मुडद्यांशी लढतो, एकटा वाचतो, आणि सकाळी मदतीला आलेली गोऱ्यांची टोळी त्याला मुडदा समजून दुरूनच गोळी घालते. चित्रपटाची प्रत गाडीत टाकून रोमेरो आणि त्याचा सहकारी न्यूयॉर्कला निघाले होते, तेव्हा रेडिओवर मार्टिन लूथर किंगच्या हत्येची बातमी लागली. ‘गेट आऊट’च्या शेवटी रस्त्यावर पोलिसांच्या दिव्यांचा प्रकाश पडतो, तेव्हा थिएटरमधला प्रत्येक जण बेनचा शेवट डोळ्यांसमोर आणतो. पीलने आधी तसाच शेवट चित्रित केला होता. त्यात ख्रिसला अटक होते. मग त्याने तो बदलला आणि गाडीतून ख्रिसचा मित्र उतरतो. लोक खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवायचे. शेवट बदलण्याचा हा अधिकार दिग्दर्शकाच्या हाती होता, म्हणून तो त्याला बदलता आला. पैशाचा आणि कलेचा हक्क वेगवेगळे ठेवता येत नाहीत, हे मला इथे पटतं.

‘गेट आऊट’नंतर पीलपुढे मोठ्या स्टुडिओंचे दरवाजे उघडले. तो तयार मालिकांतल्या महानायकांच्या चित्रपटांकडे वळला नाही. २०१२ मध्येच त्याने ‘मंकीपॉ प्रॉडक्शन्स’ ही स्वतःची कंपनी काढली होती. त्या कंपनीतर्फे त्याने युनिव्हर्सल स्टुडिओशी करार केला आणि २०१९ मध्ये तो पाच वर्षांच्या खास भागीदारीत बदलला. स्पाइक लीचा ‘ब्लॅक-क्लॅन्समन’ त्याच्या कंपनीने निर्मितीत सांभाळला. २०२१ चा ‘कँडीमॅन’ त्याने सहलेखन करून निर्माण केला, दिग्दर्शन निया डकॉस्टाकडे दिलं. आपल्या वाचकांना जवळचं उदाहरण २०२४ च्या ‘मंकी मॅन’चं. ज्याचा दिग्दर्शक आणि नायक दोन्ही देव पटेल, असा हा भारतात घडणारा चित्रपट नेटफ्लिक्सकडे पडून होता. पीलने तो पाहिला, थिएटरमध्येच लागला पाहिजे असं ठरवलं, आणि युनिव्हर्सलने तो विकत घेतला. जो एकदा कराराच्या कचाट्यात अडकला होता, तो आता दुसऱ्या नट-दिग्दर्शकाला तशाच कचाट्यातून सोडवत होता.

त्याच्या स्वतःच्या पुढच्या दोन चित्रपटांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. ‘अस’ला २ कोटी डॉलर खर्च आला, गल्ला पुन्हा २५.५ कोटींच्या घरात. ‘नोप’ला खर्च ६.८ कोटी, गल्ला १७ कोटींच्या आसपास. थिएटरचा निम्मा वाटा वजा करा आणि जाहिरातीचा खर्च मांडा, म्हणजे लक्षात येतं की तिसऱ्या चित्रपटात फायद्याची जागा पहिल्यापेक्षा किती अरुंद होती. तरी मी ‘नोप’ला अपयश म्हणणार नाही. त्यातल्या आकाशातल्या अक्राळविक्राळ गोष्टीसाठी छायाचित्रकार हॉइट व्हॅन हॉइटेमाने आयमॅक्स कॅमेरे वापरले आणि रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करण्याची नवी युक्ती काढली. आणि गल्ल्याबाहेरचं मोल वेगळंच. चित्रपटातल्या ‘ज्युपिटर्स क्लेम’ या करमणूक नगरीचा सेट युनिव्हर्सलच्या हॉलिवूडमधल्या पर्यटन फेरीत कायमचा बसवला गेला. भयपटाचं उत्पन्न असं वर्षानुवर्षं झिरपत राहतं, ज्याच्याकडे हक्क असतात त्याच्याकडे.

नट म्हणून मात्र पील पडद्यावरून जवळजवळ निघून गेला. ‘द इमोजी मूव्ही’त विष्ठेच्या इमोजीचा आवाज देण्याची विचारणा झाली, तेव्हाच अभिनय सोडायचं ठरवलं, असं त्याने २०१८ मध्ये सांगितलं. पण आवाज सोडला नाही. ‘गेट आऊट’मध्ये मोटारीची धडक बसून रस्त्याकडेला मरत पडलेल्या हरणाचा कण्हण्याचा आवाज त्याचाच आहे. ‘टॉय स्टोरी ४’मध्ये तो ‘की’सोबत पुन्हा आला.

कमी खर्चात भयपट करून हक्क स्वतःकडे ठेवण्याची ही गोष्ट आपल्याकडे परकी नाही. मुंबईत रेडिओचं दुकान चालवणाऱ्या फतेचंद रामसेंच्या सात मुलांनी १९७२ मध्ये महाबळेश्वरला ‘दो गज जमीन के नीचे’ चित्रित केला. तुलसी आणि श्याम दिग्दर्शक, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजावर, कुमार लेखक. सगळं घरातल्या घरात, त्यामुळे मानधनाचा खर्च नाही आणि हक्क बाहेर जायचा प्रश्न नाही. समीक्षकांनी त्यांना कधी मानलं नाही, पण १९८४ चा ‘पुराना मंदिर’ जोरात चालला. ब्लमहाउसची पद्धत त्यांनी फार आधी, आपल्या गरजेतून शोधली होती.

आणि ‘तुंबाड’. नारायण धारपांच्या कथेची सावली, श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतून आलेलं नाव, राही अनिल बर्वे हा मराठी दिग्दर्शक, आणि सोहम शाह हा नायकही आणि निर्माताही. अनेक पावसाळे खर्ची घालून झालेला हा चित्रपट २०१८ मध्ये लागला तेव्हा गल्ला बेताचाच होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरमध्ये आला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. पुढच्या भागाची घोषणा शाहने केली. त्यात बर्वे नाही.

इथे कोण बरोबर आणि कोण चूक हे मी ठरवत नाही. नायक-निर्मात्याने आपले पैसे आणि वर्षं पणाला लावली होती. पण आपला कायदा काय म्हणतो, हे प्रत्येक तरुण दिग्दर्शकाला ठाऊक असलं पाहिजे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता. दिग्दर्शक नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार, पटकथालेखक यांना उत्पन्नातल्या वाट्याचा हक्क दिला. मुख्य दिग्दर्शकालाही सहकर्ता मानावं असा प्रस्ताव तेव्हा आला होता, तो गळाला. म्हणजे आपल्याकडे दिग्दर्शकाला चित्रपटावर जे काही मिळवायचं ते कराराच्या कागदावरच, नाहीतर स्वतः निर्माता होऊन. पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात आज कितीतरी मुलं मोबाइलवर आणि भाड्याच्या कॅमेऱ्यावर भयपट करतायत. भुताच्या मुखवट्यावर खर्च करण्याआधी त्यांनी थोडे पैसे एखाद्या वकिलावर खर्च करावेत, अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे.

अमेरिकेतला तो जुना नियमही आता उरलेला नाही. १ मार्च १९८९ पासून तिथे कॉपीराइटची ओळ छापली नाही तरी हक्क जात नाही. रोमेरोचा चित्रपट मात्र त्या आधीचा. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड झाली. पुढे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने मूळ निगेटिव्हवरून त्याची स्वच्छ प्रत तयार केली. रोमेरो तेव्हा हयात होता आणि त्या कामात त्याचाही सहभाग होता.

‘गेट आऊट’ पाहायचा असेल तर पैसे मोजावे लागतात, आणि त्यातले काही जॉर्डन पीलपर्यंत पोचतात. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ इंटरनेटवर फुकट आहे. दोन्ही पाहा, आणि आधी १९६८ चा पाहा. सुरुवातीला स्मशानाच्या वाटेवर मोटार येते आणि पडद्यावर चित्रपटाचं नाव उमटतं, तेव्हा त्या नावाखालच्या रिकाम्या जागेकडे क्षणभर नजर टाका.